पान गळेपर्यंत

“पान गळायला लागलं का?”

केदारबुवांनी पाटाच्या कडेला उभं राहून विचारलं. दिवाळी नुकतीच सरली होती. सकाळचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटण्याचे दिवस.

हरिबा फावडं घेऊन दारं धरत होता. एका झाडाचं आळं भरलं की मातीचा बांध फोडायचा आणि पाणी पुढच्या आळ्यात सोडायचं. त्यानं मान वर केली नाही.

“माझ्या बागेत पान गळत नाही, बुवा.”

“एकसुद्धा?”

“एकसुद्धा नाही.”

बुवा थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिले.

“अरेरे,” ते म्हणाले, आणि मठाकडे निघून गेले.

हरिबाला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. त्यानं पुढचा बांध फोडला.

आता हा हरिबा कोण, ते आधी सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, पान गळलं काय नि न गळलं काय, त्यात एवढं विशेष ते काय.

हिवरखिंडीचा मठ म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. माळावर एक कौलारू घर, एक विहीर, मागं बारमाही वाहणारा ओढा, आणि उतारावर डाळिंबाची बाग. ओढ्याचं पाणी पाटानं बागेत येतं. बाग बुवांनी तरुणपणी स्वतःच्या हातानं लावलेली. गुरुपौर्णिमेला मठात जो येईल त्याच्या हातावर एक डाळिंब ठेवायचं, ही तिथली रीत. त्या एका फळासाठी लोक खिंड उतरून येत. पोरीबाळी माहेरी असल्या तर त्यांच्यासाठी वेगळं मागून नेत, आणि बुवा नाही म्हणत नसत.

जुना माळी वारला आणि हरिबा आला. तो एका संस्थानिकांच्या बागेत काम केलेला. गुलाब, हिरवळ, कुंड्या, कारंजी. तिथं पिवळं पान दिसलं की मुकादम अंगावर यायचा. मठाच्या बागेचा त्यानं कायापालट केला, यात शंका नाही. बारा महिने पाणी, बारा महिने हिरवीगार. वाटसरू थांबून बघायचे. हरिबा त्यांना स्वतः फिरवायचा, आणि कमरेवर हात ठेवून म्हणायचा, एक पिवळं पान दाखवा. कुणाला दाखवता यायचं नाही. त्याची छाती आणखी फुगायची.

फळ मात्र येईना.

इकडं एक फूल, तिकडं एक कळी, तीही गळून जायची. पहिल्या गुरुपौर्णिमेला लोकांच्या हातावर खडीसाखर ठेवावी लागली. लोक काही बोलले नाहीत. दुसऱ्या वर्षी पुन्हा खडीसाखर, तेव्हा अण्णा देवकाते बोलले. अण्णा म्हणजे गावातलं वजनदार माणूस. बागेची जमीन त्यांच्या आजोबांनी मठाला दिलेली. डाळिंबाच्या बागेत बसून खडीसाखर चघळायची हे बरं दिसतं का, असं त्यांनी बुवांना सरळ विचारलं. दुसरा माळी बघा म्हणाले. बुवांनी हा एक बहार जाऊ द्या म्हणून सांगितलं. मग अण्णांनी मुदत घातली. होळीपर्यंत बागेत फूल दिसलं नाही, तर हरिबानं आपली वळकटी उचलायची.

हरिबा हे दाराआडून ऐकत होता. त्याला दुसरीकडे जायला घर नव्हतं. बायको नाही, भाऊ नाही. होती ती बाग.

तुम्ही विचाराल, बुवांना सगळं कळत होतं तर त्यांनी आधी सांगितलं का नाही? सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की झाडाला काही दिवस कोरडं ठेवावं लागतं. हरिबा हसला होता. झाडाला तहानलेलं ठेवायचं, हे कुठल्या गावचं शास्त्र, म्हणाला होता. त्यावर बुवा जे गप्प बसले, ते पाटाच्या कडेला विचारलेल्या त्या प्रश्नापर्यंत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हरिबा बागेत आला तर पाट कोरडा.

तो पाटाच्या कडेकडेनं वर चढत गेला. पाटाच्या तोंडाशी बुवा बसले होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हात कोपरापर्यंत चिखलात. पाटाचं तोंड त्यांनी दगडमातीनं बुजवून टाकलं होतं. ओढ्याचं पाणी बागेकडे न वळता सरळ खाली चाललं होतं.

“हे काय केलंत, बुवा?”

“पानगळ आणतोय. ती तुझ्या बागेत आपणहून येईना.”

“किती दिवस बंद ठेवायचं?”

“पान गळेपर्यंत.”

“आणि गळल्यावर?”

“गळल्यावर विचार.”

हरिबा चिडला. बरंच बोलला. अण्णांनी मला घालवायचं ठरवलंय, तुम्ही त्यांना हातभार लावताय, इथपर्यंत बोलला. बुवांनी ओढ्यात हात धुतले, खांद्यावरच्या पंच्याला पुसले आणि त्याला म्हणाले की चल, उठलाच आहेस तर कुदळ आण.

कुदळ आणल्यावर त्यांनी पहिल्या झाडाचं आळं दाखवलं. आळं उकरायचं. खोडाभोवतीची माती बाजूला करायची, बारीक मुळं उघडी पडेपर्यंत. ऊन लागू द्यायचं त्यांना.

हरिबा कुदळ हातात धरून तसाच उभा राहिला. माळ्याला मुळं उघडी करायला सांगणं म्हणजे काय, ते माळ्यालाच कळेल.

“मी झाडं जगवतो, बुवा. सोलत नाही.”

“खण.”

“एक तरी झाड सोडा…”

“खण, हरिबा.”

त्यानं खणलं. रोज थोडी थोडी करत सगळी बाग खणली. तोंडानं काहीतरी पुटपुटत खणली. बुवांना शिव्या देत होता की झाडांची माफी मागत होता, ते ऐकणाऱ्याला कळत नव्हतं.

आणि मग काम संपलं.

पाणी नाही, म्हणजे दारं धरणं नाही. ओल नाही, म्हणजे तण नाही. जन्मात पहिल्यांदा हरिबा बागेत रिकामा बसला. बांधावर बसायचा आणि झाडांकडे बघायचा. करणार काय बिचारा?

पानगळ कशी येते ते त्यानं कधी बघितलंच नव्हतं. आयुष्यभर तो तिला पाण्यानं हाकलत आला होता. ती बाहेरून येते, थंडी घेऊन येते, वारा घेऊन येते, असा त्याचा समज. आता बघतो तर ती झाडाच्या आतून आली. आधी फांदीच्या बुडाशी असलेली जुनी पानं पिवळी पडली. शेंड्याची कोवळी पानं शेवटपर्यंत हिरवी राहिली. कुणाला आधी सोडायचं ते झाडाला बरोबर कळत होतं. वारा नसतानाही पान पडायचं. सकाळी दहिवर वाळलं की एखादं सुटायचं आणि सरळ आळ्यात येऊन बसायचं. त्यात कसली ओढाताण नव्हती. ओढाताण सगळी बांधावर बसलेल्या हरिबाची चालली होती.

त्यानं एक उद्योग सुरू केला. पहाटे उठून पडलेली पानं वेचायची आणि ओढ्यापलीकडच्या खड्ड्यात टाकून यायचं. वाटसरूंना दिसायला नकोत.

एकदा बुवा त्या खड्ड्यापाशीच येऊन थांबले.

“काय पुरतोयस?”

“काही नाही…”

“कुणापासून लपवतोस?”

हरिबानं हातातली पानं पाठीमागं धरली.

“पडलं तिथं राहू दे,” बुवा म्हणाले.

त्यानं पानं वेचणं सोडलं. बाग उघडी पडत चालली. झाडांमधून पलीकडची खिंड दिसायला लागली, जी आजवर कधी दिसली नव्हती. वाटसरू आता थांबेनासे झाले. थांबले तरी हळहळून पुढं जायचे, आणि ती हळहळ हरिबाला शिवीपेक्षा जास्त लागायची.

बागेच्या वरच्या कोपऱ्यात एक जुनं झाड होतं. डोक्यापेक्षा उंच गेलेलं, घेरदार. बुवांनी लावलेलं पहिलं. हरिबा आला त्या वर्षी त्याला खोडकिडा लागला होता, आणि हरिबानं तारेनं एक एक अळी काढून ते वाचवलं होतं. तो त्याला म्हातारी म्हणायचा. म्हातारीची पानं पिवळी पडायला लागली आणि हरिबाला राहवेना.

पाट उघडायचा नाही, असं बुवांनी सांगितलं होतं. आंघोळ करायची नाही, असं काही सांगितलं नव्हतं.

हरिबानं विहिरीवरचा आंघोळीचा दगड उचलला आणि म्हातारीच्या आळ्यात नेऊन ठेवला. विहिरीवरून घागर भरून आणायची आणि झाडाखाली बसून अंगावर ओतायची. सकाळी एक आंघोळ. मग दुपारी. मग संध्याकाळीही. पौष महिना, माळावरची थंडी, दात वाजताहेत आणि हा घागरीवर घागरी ओततोय. म्हातारीला पुन्हा हिरवी पानं फुटली.

मठात स्वयंपाक करायच्या चंद्राक्का. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. हरिबा अलीकडे फारच सोवळा झालाय, असं त्या बुवांना म्हणाल्या. बुवा म्हणाले, होय, मीही बघतोय. हरिबाला सपाटून सर्दी झाली. संध्याकाळच्या भजनात तो असा शिंकायचा की टाळ चुकायचे. चंद्राक्का त्याला आल्याचा काढा करून द्यायच्या आणि एवढं पुण्य कुठं ठेवणार रे बाबा, असं विचारायच्या. तो काढा निमूटपणे प्यायचा.

बुवांनी त्याला याबद्दल एक शब्द विचारला नाही.

संक्रांत झाली आणि अण्णा देवकाते मठात आले. गावात कुणीतरी सांगितलं होतं की बाग वाळली. अण्णांना ते खरं वाटलं नव्हतं. बांधावर येऊन उभे राहिले आणि त्यांच्या तोंडाचं पाणी पळालं. समोरच्या एकाही झाडावर पानाचं नाव नाही. मुळं उघडी. नुसत्या काटक्या.

ते तरातरा ओसरीवर आले.

“बुवा, ही बाग आहे का सरपणाचा ढीग?”

बुवांनी त्यांना बसायला घोंगडी टाकली. अण्णा बसले नाहीत. हरिबा खांबाशी उभा होता, त्याच्याकडे वळून ते म्हणाले की तू माळी ना, मग डोळ्यांदेखत हे बघत कसा बसलास. आजोबांनी दिलेली जमीन, बुवांच्या हातची झाडं, आणि तू त्यांची ही दशा केलीस. होळीची वाट कशाला बघायची, आजच नीघ. अण्णा वाईट माणूस नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून आवाज चढला होता.

हरिबा त्यांना काहीच बोलला नाही. बुवांनी पाणी तोडायला सांगितलं, एवढं म्हटलं असतं तर सुटला असता. पण त्यानं ते म्हटलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. तो बुवांसमोर येऊन खाली बसला.

“बुवा, झाडं मेली तर?”

बुवांनी घोंगडी त्याच्याकडे सरकवली.

“माझ्या बापाचा पानमळा होता. दुष्काळात विहीर आटली. आम्ही लांबून घागरीनं पाणी आणून घातलं, तरी वेल सुकत गेले. बाप रोज मळ्यात जाऊन बसायचा… एक दिवस बसला तो उठलाच नाही.”

चंद्राक्का चुलीपुढून उठून दारात आल्या होत्या.

“तेव्हाच ठरवलं, माझ्या हातचं पान वाळू द्यायचं नाही. तुम्ही मला तेच बघायला लावलंत.”

“तुझ्या बापाकडे पाणी नव्हतं,” बुवा म्हणाले. “इथं आहे.”

“मग द्या ना ते…”

बुवा उठले. कोपऱ्यात हरिबाचं फावडं टेकवून ठेवलं होतं, ते त्यांनी आणलं आणि त्याच्या हातात दिलं.

“पाटाचं तोंड कुठं आहे ते तुला ठाऊक आहे. जा. मी अडवणार नाही.”

हरिबा फावडं घेऊन निघाला. जवळजवळ पळतच गेला. अण्णा म्हणाले, हे आधीच करायचं होतं. बुवा भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

पुढं जे झालं ते हरिबानंच कधीतरी सांगितलं, म्हणून आपल्याला माहीत.

तो पाटाच्या तोंडाशी पोचला. बुवांनी घातलेला बांध केवढासा, फावड्याच्या एका घावाचं काम. पलीकडे ओढ्याचं पाणी काठोकाठ. त्यानं फावडं उचललं आणि घाव घालण्याआधी एकदा खाली बघितलं. तिथून सगळी बाग एका नजरेत दिसते. त्याला बापाचा पानमळा आठवला. पानमळ्यातले वेल मान टाकून आधाराला लोंबत होते. ही झाडं, एक म्हातारी सोडली तर सगळी उघडी, पण ताठ उभी होती. प्रत्येक काटकी वर तोंड करून. हिरवेपणाच्या दिवसांत ती इतकी ताठ कधी दिसली नव्हती.

त्यानं फावडं खाली केलं. पुन्हा उचललं. त्याच्या घशाला कोरड पडली होती, डोक्यात घण पडत होते. खाली बागेत मात्र सगळं शांत होतं.

मग त्यानं फावडं बाजूला ठेवलं. ओढ्याच्या काठावर गुडघे टेकले आणि ओंजळीनं पाणी प्यायला लागला. पोट भरेपर्यंत प्यायला. तोंडावर मारलं, मानेवर मारलं. थोडा वेळ तिथंच बसून राहिला. नंतर फावडं खांद्यावर टाकून परत आला.

अण्णांनी विचारलं, “सोडलंस?”

“नाही.”

“मग इतका वेळ तिथं काय करत होतास?”

“तहान लागली होती,” हरिबा म्हणाला. “पाणी प्यालो.”

बुवांनी डोळे उघडले. मग ते हसायला लागले. असं मोकळं हसताना त्यांना चंद्राक्कांनीही फार वर्षांत बघितलं नव्हतं.

“मग आता बागेला पाणी कधी सोडायचं?” बुवांनी विचारलं.

“मी सांगेन.”

“बरं,” बुवा म्हणाले. एखाद्या शिकाऊ पोरानं मान डोलवावी तशी त्यांनी मान डोलावली.

अण्णांना या सगळ्याचा अर्थ लागला नाही. माणूस वेडा झालाय आणि गुरू त्याला साथ देतोय, असं त्यांना वाटलं. पण मुदत होळीपर्यंतची ठरली होती आणि अण्णा शब्दाचे पक्के. होळीला येतो, म्हणाले, आणि गावातले चार लोक बरोबर आणतो, म्हणजे पुन्हा कुणी म्हणायला नको की मी एकट्यानं घालवलं.

त्या दिवसापासून हरिबाची आंघोळ पुन्हा विहिरीवर गेली. पण म्हातारीचं पोट तोवर भरून गेलं होतं.

हरिबा रोज बागेत जायचा. काटकी वाकवून बघायचा, साल नखानं खरवडून बघायचा, माती चिमटीत घेऊन वास घ्यायचा. बुवा रोज विचारायचे, आज? तो म्हणायचा, आज नाही. बुवा पुढं काही विचारत नसत. रथसप्तमी आली, गेली. एका सकाळी तो बागेतून आला आणि ओसरीसमोर उभा राहिला.

“आज.”

त्यानं मुळांवर शेणखत घातलं, माती ओढली, आळी बांधली. मग पाटाच्या तोंडाशी जाऊन बांध फोडला. पाणी पाटात शिरलं तेव्हा तो त्याच्याबरोबर धावत बागेत आला. त्यानं पहिलं पाणी अगदी हलकं दिलं, नुसती ओल होईल इतकंच. हे त्याला बुवांनी सांगितलेलं नव्हतं. त्याचं त्यालाच उमगलं होतं. इतके दिवस उपाशी राहिलेल्याला कुणी एकदम जेवायला वाढत नाही. पुढचं पाणी त्यानं थोडं जास्त दिलं, त्याच्या पुढचं पोटभर.

आठवडा गेला. काही नाही.

मग एका सकाळी काटक्यांच्या अंगावर तांबूस ठिपके दिसले. हरिबानं जवळ जाऊन बघितलं आणि तो तिथंच मटकन बसला. ठिपके फुटले, त्यांतून तांबडी कोवळी पालवी आली, आणि पालवीबरोबर कळ्या. कळी म्हणजे किती? फांदीला बोट ठेवायला जागा राहिली नाही. खोडाला कळ्या, काटक्यांना कळ्या, जिथं कधी फूल येणार नाही असं वाटावं तिथं कळ्या. आणि त्या उमलल्या. सगळ्या बागेनं एकदम लाल फूल धरलं. खिंडीतून उतरणाऱ्या मेंढक्यांना वाटलं, मठाला आग लागली. ते घागरी घेऊन धावत आले आणि बांधावर येऊन तोंड उघडं टाकून उभे राहिले. माळावरच्या सगळ्या मधमाश्या तिथं लोटल्या. त्यांचा आवाज ओसरीपर्यंत यायचा आणि दुपारी बुवांना त्यानं झोप लागायची नाही. बुवा त्याबद्दल तक्रार करायचे आणि तक्रार करताना त्यांचा चेहरा उजळलेला असायचा.

हरिबाला आनंद मावेना. तो कुणाचाही हात धरून बागेत न्यायचा. पण आता कमरेवर हात ठेवत नव्हता, की काही दाखवा म्हणत नव्हता. नुसता बाजूला उभा राहायचा.

होळीच्या दिवशी अण्णा आले. ठरल्याप्रमाणे गावातली माणसं बरोबर होती. खिंड उतरतानाच त्यांना बाग दिसली होती. अण्णा बागेत शिरले. एका झाडाशी थांबले, दुसऱ्याशी थांबले. एक फूल त्यांनी तळहातावर घेतलं, तोडलं नाही. मग ते हरिबाकडे आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी त्याच्यापुढं हात जोडले. हरिबा घाबरून मागं सरकला. अण्णा म्हणाले, मी त्या दिवशी बोललो ते विसर, बाग तुझी आहे, तुझ्या हयातभर तुझी आहे. मागं उभ्या असलेल्या माणसांनी बुवांच्या नावाचा जयजयकार केला. चंद्राक्का पदरानं डोळे पुसत हसत होत्या. हरिबा ढसाढसा रडला. रडायचंच होतं त्याला, किती दिवसांचं साठलेलं.

फिरत फिरत सगळे वरच्या कोपऱ्यात आले.

तिथं म्हातारी उभी होती. हिरवीगार. दाट. पानाला पान लागलेलं. आणि अंगावर एक फूल नाही.

सगळ्या लाल बागेत ते एकच झाड हिरवं. अण्णांनी विचारलं की हे असं का. एका माणसानं सांगितलं, जुनं झालं असेल. दुसरा म्हणाला, जात वेगळी असेल. हरिबानं त्यातलं काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. तो नुकताच हयातभराचा माळी झाला होता.

“माझ्यामुळं,” तो म्हणाला. “मी इथं आंघोळ करत होतो. दिवसातनं तीनदा. पाणी तोडलं असताना.”

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग चंद्राक्कांना सर्दी आठवली, शिंका आठवल्या, काढे आठवले, आणि त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की बाकीच्यांनाही हसू आवरेना. अण्णाही हसले. हरिबा हसला नाही. तो झाडाच्या खोडावर हात ठेवून उभा होता.

हसणं ओसरल्यावर अण्णांनी विचारलं, या झाडाचं आता काय करायचं? बाकीच्या बागेत ते शोभत नाही. काढून तिथं नवं कलम लावता येईल, रोप मी देतो.

हरिबानं बुवांकडे बघितलं.

बुवा बागेच्या मधोमध उन्हात उभे होते. फाल्गुनाचं ऊन, आता चटका देणारं. लाल झाडांची पालवी अजून बोटभर होती, तिच्यातून ऊन सरळ खाली येत होतं. बुवांनी पंच्यानं कपाळ पुसलं.

“बुवा, या झाडाचं काय करू?”

बुवा सावकाश चालत वर आले. झाडाखाली शिरले. मान वर करून त्यांनी त्या दाट पानांकडे बघितलं, बराच वेळ बघितलं…

“माझी खाट इथं आणून टाक,” ते म्हणाले. “सगळ्या बागेत सावली एवढीच आहे.”